दोन डोंगरांमधला सूर्य

दुसरी-तिसरीतल्या मुलांना कोरा कागद द्या आणि ‘निसर्गचित्र काढा’ एवढंच सांगा. गाव कुठलंही असो, चित्र बहुधा एकच येतं. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधोमध अर्धा सूर्य, पट्टी लावून ओढलेले किरण, डोंगरांच्या फटीतून निघून खाली येता येता रुंद होणारी नदी, काठावर कौलारू घर, घरापेक्षा उंच नारळ आणि आकाशात बरोबरच्या खुणेसारखे पक्षी. कोल्हापूरचं मूल हेच काढतं, नागपूरचंही हेच. ज्याच्या गावात नारळ उगवत नाही तेही नारळ विसरत नाही.

उलव्यात हे चित्र पाहिलं की मात्र थबकायला होतं. पनवेल तालुक्यातलं हे सिडकोचं नगर. इथल्या बहुतेक मुलांच्या खिडकीतून समोरची इमारत दिसते, तिच्यामागे आणखी एक इमारत आणि तिच्यामागे क्रेन. कौलारू घरं शोधायची तर वहाळ, मोरावे, शेलघर, गव्हाण अशा जुन्या गावांत जावं लागतं आणि तिथेही आता स्लॅबच जास्त. राहिला डोंगर. उलव्याला डोंगर खरोखरच होता. सुमारे ९० मीटर उंचीची उलव्याची टेकडी नवी मुंबई विमानतळासाठी सुरुंग लावून कापून काढली. नदीही होती, उलवे नदीचं पात्र वळवलं. बाहेर हे काम चालू होतं त्या वर्षांत आत वर्गात मुलं दोन डोंगर काढून मधून नदी सोडत होती. कागदावरच्या डोंगराला काहीच झालं नाही, कारण तो उलव्याचा नव्हताच.

मुलांना नावं ठेवायला हे सांगत नाही. मीही हेच चित्र काढून ‘छान’ असा शेरा मिळवत आलो. चौथीत असताना एकदाच मी डोंगर जांभळा केला, कारण आमच्या गच्चीवरून संध्याकाळी तो तसा दिसायचा. बाईंनी खाली लाल शाईत लिहिलं : डोंगर हिरवा असतो. बाई मनाने फार चांगल्या होत्या. पुढची काही वर्षं मी डोंगर हिरवाच रंगवला, हे मात्र खरं.

प्राथमिक शाळेत चित्रकला आणि डिझाइन शिकवायचं म्हणजे काय करायचं, हा या प्रकरणाचा विषय. तो मी उलव्यातून पाहणार आहे, कारण डोळ्यांसमोर जग इतक्या भराभर बदलत असताना कागदावरचं चित्र जागचं हललेलं नाही, हे इथे जितकं ठळक दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसेल.

आधी हे एकच चित्र सगळीकडे पोचलं कसं ते पाहू. मराठीत ‘कित्ता गिरवणे’ असा वाक्प्रचार आहे. आपल्याकडे अक्षर शिकवलं ते कित्त्यावरून, आणि पुढे चित्रही त्याच वाटेने शिकवलं. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून मुंबईत १८५७ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. तिथे आलेली शिकवण्याची रीत लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची होती : आधी सरळ रेषा, मग वक्र, मग भौमितिक आकार, मग छापील नमुन्यावरून नक्कल, मग प्लास्टरच्या पुतळ्यावरून नक्कल. जिवंत वस्तू सगळ्यात शेवटी. कारखान्यांना आणि सर्वेक्षण खात्यांना हात बसलेले कारागीर हवे होते, त्यासाठी ही रीत चोख होती.

तिला सरसकट झोडपण्यात अर्थ नाही. याच जे. जे.त १८६५ मध्ये शिकवायला आलेला लॉकवुड किपलिंग, म्हणजे ‘जंगल बुक’वाल्या रुडयार्डचा बाप, पुढे विणकर, सुतार, सोनार यांच्यासमोर बसून त्यांची प्रत्यक्ष चित्रं काढत हिंडला. जॉन ग्रिफिथ्सने १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यातल्या बऱ्याच १८८५ मध्ये लंडनच्या आगीत जळाल्या, तो भाग वेगळा. पण त्या नकला करताना विद्यार्थी जे शिकले असतील ते आगीत गेलं नाही. नक्कल हीही शिकण्याची एक तऱ्हा आहे. विशीतल्या विद्यार्थ्याने अजिंठ्याची नक्कल करणं आणि सात वर्षांच्या मुलाने फळ्यावरच्या नारळाची नक्कल करणं यांत मात्र फरक आहे. पहिल्याला आपण काय उतरवतो आहोत ते ठाऊक असतं.

साउथ केन्सिंग्टनची ती परंपरा आजही आपल्याकडे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांच्या रूपाने टिकून आहे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्य भूमिती आणि अक्षरलेखन असे त्यांचे विषय. कला संचालनालय त्या घेतं आणि इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीला ७ गुण जास्त मिळतात, ब ला ५, क ला ३. त्या सात गुणांपायी कितीतरी घरांत पोस्टर कलरच्या बाटल्या येतात. पण या परीक्षा माध्यमिकच्या. तिथे ए. टी. डी. ही कलाशिक्षकाची पदविका घेतलेले चित्रकलेचे सर असतात. पहिली ते पाचवीला कोण असतं?

कोणी नसतं. म्हणजे वर्गशिक्षक असतो. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, मुलं शंभराच्या वर असतील तर, कलेच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. त्याखालच्या वर्गांसाठी तशी तरतूदच नाही. तेव्हा जी बाई सकाळी भागाकार शिकवते, मधल्या सुट्टीत खिचडी वाटून घेते आणि कागदांचे रकाने भरते, तिनेच दुपारी चित्रकलाही शिकवायची. बालभारतीचं ‘खेळू, करू, शिकू’ आहे, एन.सी.ई.आर.टी.ने २०२४ मध्ये तिसरीसाठी कलेचं ‘बाँसुरी’ काढलं. पुस्तकं वाईट नाहीत. पण चाळीसेक मुलं, पस्तीस मिनिटं, पाण्याला एक बादली आणि डोक्यावर अपुरा राहिलेला अभ्यासक्रम, अशा वेळी बाई फळ्यावर दोन डोंगर काढते आणि म्हणते, ‘उतरवून घ्या.’ तिच्या जागी मी असतो तर दुसरं काही केलं असतं असं छातीठोकपणे सांगवत नाही.

आता मुलाकडे वळू. मोठ्यांची एक मूळ चूक अशी, की लहान मुलाचं चित्र म्हणजे मोठ्याचं बिघडलेलं चित्र असं ते धरून चालतात. अमेरिकेत रोडा केलॉग नावाच्या बाईंनी सुमारे दहा लाख बालचित्रं गोळा केली आणि १९६९ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिलं, की दोन वर्षांच्या मुलाच्या गिरगोट्यांतही रेघांचे वीस मूळ प्रकार ओळखता येतात. त्यांतूनच वर्तुळ, फुली, सूर्यासारखं किरणांचं वर्तुळ आणि त्या वर्तुळाला हातपाय फुटून माणूस तयार होतो. त्याआधी, १९४७ मध्ये, व्हिक्टर लोवेनफेल्ड याने वयानुसार टप्पे मांडले होते : चारेक वर्षांपर्यंत गिरगोट्या, मग डोक्यालाच पाय फुटलेली माणसं, सातव्या-आठव्या वर्षी कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ आणि तिच्यावर ओळीने उभं केलेलं सगळं जग. नवव्या-दहाव्या वर्षी मूल आपल्या चित्राची तुलना खऱ्या वस्तूशी करू लागतं आणि मग त्याच्या तोंडून ते वाक्य येतं, ‘मला चित्र येत नाही.’ पुष्कळ माणसं ते वाक्य मरेपर्यंत सोडत नाहीत.

उलव्यातल्या मुलाला विमान काढायला सांगा, म्हणजे यातलं बरंच काही एका कागदावर दिसेल. सहा-सात वर्षांचं मूल विमानाचं धड बाजूने काढतं, खिडक्यांच्या रांगेसकट. पंख मात्र वरून पाहिल्यासारखे दोन्हीकडे पसरतं. चाकं असतील तेवढी सगळी दाखवतं. आत बसलेली माणसं बाहेरून दिसतात, जणू विमान काचेचं आहे. मोठा माणूस म्हणेल, चुकलं. फ्रेंच अभ्यासक ल्युके याने १९२७ मध्येच याचा उलगडा केला होता : मूल दिसतं ते काढत नाही, ठाऊक असतं ते काढतं. विमानाला दोन पंख असतात आणि आत माणसं असतात, हे त्याला ठाऊक आहे. मग एक पंख लपवायचा कशाला?

आणि ही काही फक्त मुलांची रीत नाही. वारल्यांचं तारपा नृत्याचं चित्र डोळ्यांसमोर आणा. नाचणाऱ्यांची गोल गोल वळत जाणारी माळ आपल्याला वरून दिसते, झाडावर चढून पाहावी तशी. पण माळेतला प्रत्येक माणूस बाजूने दिसतो. दोन नजरा एकाच चित्रात, आणि कुणालाही खटकत नाही. डहाणू-तलासरीकडे लग्नाचा चौक सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढतात आणि त्या तो ‘काढला’ म्हणत नाहीत, ‘लिहिला’ म्हणतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी त्या पाड्यांवर कागद घेऊन पोचले. जिव्या सोमा मशे यांचा हात तेव्हा जगाला कळला. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रात माशाचं जाळं, मुंग्यांचं वारूळ, भाताची कापणी, सगळं पाहिलेलं होतं.

आता गंमत अशी झाली आहे, की वारलीही कित्ता बनली. शाळेच्या कुंपणावर, स्टेशनच्या भिंतीवर, पुठ्ठ्याच्या पेनस्टँडवर दोन त्रिकोण जोडलेली तीच माणसं तशीच नाचत असतात. कार्यानुभवाच्या तासाला मुलांकडून ती काढून घेतात आणि ‘पारंपरिक कला’ या रकान्यात टिक पडते. मला विचाराल तर हा दोन डोंगरांचाच नवा अवतार आहे. वारल्याने स्वतःचं अंगण लिहिलं. त्याच्यापासून शिकायचं तर उलव्याच्या मुलाने त्याचे त्रिकोण न उचलता आपलं अंगण लिहायला हवं. खारकोपर स्टेशनचा पूल, सोसायटीच्या गेटवरचा वॉचमनकाका, खाडीच्या चिखलातले बगळे, टँकर.

याचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झाला होता, आणि तोही महाराष्ट्रातच. १९३७ च्या वर्धा परिषदेतून नई तालीम ही उद्योगातून शिकवण्याची योजना निघाली, तेव्हा तिच्या अभ्यासक्रमात मूलोद्योगाच्या जोडीला चित्रकला आणि संगीतही होतं. लोकांना आठवते ती टकळी. पण १९४४ मध्ये शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेला एक तेवीस वर्षांचा तरुण सेवाग्रामच्या शाळेत कलाशिक्षक म्हणून आला. देवीप्रसाद त्याचं नाव. १९६२ पर्यंत तो तिथे राहिला. खेड्यातल्या मुलांना रंग, कागद, माती देऊन त्यांची चित्रं पाहत राहणं, जपणं आणि त्यांवर विचार करणं हे त्याने वर्षानुवर्षं केलं आणि त्यावर पुस्तक लिहिलं. मुलाच्या चित्रात मोठ्याने हात घालू नये, पण त्याला अनुभव आणि साधनं पुरवण्यात हात आखडूही नये, हा त्याचा ध्यास. स्वतः तो उत्तम कुंभार होता. तिकडे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालवाड्या चालवत होत्या. मुलं गुरांमागे जातात तर शाळाच कुरणात न्यायची, म्हणून त्यांनी कुरणशाळा काढली. खेळणी आणि साधनं आसपासच्या बिया, शंख-शिंपल्या, काड्या, माती यांची.

तेव्हा साधनं नाहीत ही सबब जुनी आहे आणि तिचं उत्तरही जुनं आहे.

उलव्यात ते उत्तर बाजारात मिळतं. तिसरीच्या वर्गात एकदा जिवंत चिंबोरी आणून पाहा. गावठाणातल्या कुठल्याही मावशीला सांगितलं तर ती सुतळीने नांग्या बांधून देईल. परातीत ओला गोणपाट घाला, वर चिंबोरी ठेवा आणि परात वर्गाच्या मधोमध मांडा. चित्र काढायला लगेच सांगू नका. आधी चिंबोरी न दाखवता, आठवणीने काढून घ्या. कुणी चार पाय काढेल, कुणी सहा, कुणी गोल अंगाला सगळीकडून केसांसारखे पाय लावेल. डोळे माणसासारखे, भुवयांसकट. हे कागद बाजूला ठेवा.

मग परात. पाय मोजा. नांग्या धरून दहा : पाय आठ, नांग्या दोन. शेवटचे दोन पाय वल्ह्यासारखे चपटे आहेत, ते का? डोळे चेहऱ्यावर आहेत की काड्यांवर? पाठीच्या पुढच्या काठावर करवतीचे दाते आहेत, दोन्हीकडे सारखेच का? मग मावशींनाच वर्गात बोलावून चिंबोरी पालथी करायला सांगा. पोटावर एक झाकण असतं. नराचं अरुंद, निमुळतं त्रिकोणी. मादीचं रुंद, अर्धवर्तुळासारखं. गावातल्या मुलांना हे आधीच माहीत असतं आणि एरवी वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारा एखादा पोरगा इथे पुढे येऊन टॉवरमधल्या मुलांना समजावून सांगू लागतो. मला या तासातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. गणिताच्या तासाला त्याचं घरचं ज्ञान कामाला येत नाही. इथे तो मास्तर होतो.

त्यानंतर दुसरा कागद. खोडरबर बंद, पट्टी बंद, पेन्सिलऐवजी खडू नाहीतर कोळसा. दोन्ही कागद शेजारी ठेवले की फरक दिसतो आणि तो फरक हाताचा नसतो. दहा मिनिटांत कुणाचा हात सुधारत नाही. पाहणं सुधारलं. दुसरं चित्र पहिल्याहून वेडंवाकडंही असेल, पाय एकमेकांत गुंतलेही असतील, पण त्यात दहा पाय असतील आणि शेवटचे दोन चपटे असतील. शेरा मारायचाच तर त्यावर मारा.

रंगांचं म्हणाल तर प्राथमिकला पेटीतल्या चोवीस छटांनी नुकसानच जास्त होतं. मूल छटा शोधत बसतं, बनवत नाही. शिवाय अशा पेट्यांत एक फिकट गुलाबी-पिवळसर कांडी असते, तिला वर्गात सर्रास ‘स्किन कलर’ म्हणतात. उलव्याच्या वर्गात बिहारची, केरळची, देशावरची, आगरी-कोळी घरांतली मुलं शेजारी शेजारी बसलेली असतात; त्या कांडीच्या रंगाचं त्यांत एकही नसतं. आपल्या मनगटाशेजारी कागद धरा आणि लाल, पिवळा, निळा, पांढरा एवढ्यांतून तो रंग बनवा, हा एक तास पुरतो. निळ्याचा थेंब टाकल्याशिवाय तो रंग जमत नाही, हे मुलांना स्वतः कळतं तेव्हा वर्गात होणारा आरडाओरडा शेजारच्या वर्गाने सहन करावा.

रंगपेटीही नसेल तर स्वयंपाकघर आहे. हळद पाण्यात कालवून कागदावर फासा आणि वाळू द्या. बोटाने चुन्याची निवळी लावा : बोट फिरेल तिथे पिवळा कागद तांबडा होतो. त्यावर लिंबू पिळा, पुन्हा पिवळा. आजीच्या करंड्यातलं कुंकू पूर्वी असंच, हळदीला चुन्या-लिंबाची प्रक्रिया करून बनायचं. हा तास चित्रकलेचा की विज्ञानाचा, हे वेळापत्रक करणाऱ्याने ठरवावं.

मातीलाही तास द्यायला हवा, आणि त्यासाठी उलव्याहून लांब जायला नको. गणपतीच्या मूर्तींचं पेण याच रायगड जिल्ह्यातलं. शाडू मिळतो. मातीचा गोळा हातात आला की मुलांचे दोन तट पडतात. काही मुलं गोळ्यातूनच ओढून डोकं, हात, सोंड काढतात. काही आधी सगळे अवयव वेगळे वळतात आणि मग चिकटवतात. लोवेनफेल्डने हा भेद नोंदवला आहे आणि दोन्हींतली एक रीत बरोबर असं नाही. चिकटवणाऱ्यांचे हात मात्र वाळल्यावर गळून पडतात. जोडायच्या जागी काडीने चरे पाडायचे आणि मातीचा पातळ चिखल लावायचा, एवढी एक युक्ती शिक्षकाने जरूर सांगावी. युक्ती सांगणं आणि चित्रात हात घालणं यांतली रेघ इथे आहे. पेणच्या कारखान्यात साचे असतात, तरीही डोळ्यांची आखणी कसबी हातानेच होते. एखाद्या वर्गाला ती आखणी दहा मिनिटं पाहायला मिळाली तर वर्षभराचे फळ्यावरचे नारळ माफ.

आणि डिझाइन? हा शब्द ऐकला की पालकांच्या डोळ्यांपुढे संगणक येतो. शाळेत याला संकल्पचित्र म्हणतात आणि ते म्हणजे चौकोनात कमळ बसवून चार कोपऱ्यांत पाकळ्या भरणं. त्यातही शिकण्यासारखं आहे. भेंडी आडवी कापली की पाच कोपऱ्यांचा ठसा मिळतो. तो ओळीत मारा, एक सोडून एक उलटा मारा, दुसरी ओळ अर्ध्या घराने सरकवा, आणि साडीच्या काठापासून फरशीपर्यंत सगळ्या नक्ष्यांची वीण उलगडते. पण नक्षी म्हणजे डिझाइनची एक बाजू. दुसरी बाजू अशी : वस्तू कुणासाठी, कशासाठी, आणि ती वापरताना काय अडतं?

हे तिसरीच्या मुलाला कळतं. शाळेच्या नळाची तोटी पहिलीतल्या मुलांच्या हाताला पोचते का? स्वच्छतागृहावरची पाटी वाचता न येणाऱ्याला कळेल अशी कशी करायची? दप्तरातली पाण्याची बाटली सांडते ती कशामुळे? ही पाटी मुलांनी स्वतः बनवावी, लावावी आणि आठवडाभराने पहिलीतली मुलं चुकतात का ते दाराशी उभं राहून पाहावं. चुकत असतील तर पाटी बदलावी. मुलं बदलायची नाहीत. पाटीबरोबर अक्षर आलंच. शिरोरेघेला लटकलेलं देवनागरी अक्षर लांबून कधी वाचता येतं आणि कधी नुसता ठिपका होतो, हे वऱ्हांड्याच्या दुसऱ्या टोकाला उभं राहिलं की कळतं. र. कृ. जोशींनी आयुष्यभर अक्षराच्या या घडणीचा विचार केला. संगणकावरचा ‘मंगल’ हा देवनागरी टाइप त्यांचा.

उलव्याच्या मुलांना तर डिझाइनचा भलाथोरला नमुना दारातच उभा आहे. विमानतळाच्या इमारतीची कल्पना कमळावरून घेतलेली आहे आणि ती झाहा हदीद यांच्या लंडनच्या संस्थेने आखली. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला विमानं उडू लागली. चौथी-पाचवीच्या वर्गाने या कमळाकडे जरूर पाहावं. पाकळ्या आणि खांब यांचं नातं काय, हे विचारावं, आणि जमलं तर घडी घातलेल्या कागदाचं छत उभं करून त्यावर वह्या रचून पाहाव्यात, किती वह्यांना कोसळतं ते.

याच कमळाच्या पायाशी आणखी एक गोष्ट आहे, ती शाळेत सहसा निघत नाही. विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वरचे ओवळे, वाघिवली आणि वाघिवलीवाडा ही दहा गावं उठली. त्या घरांतली मुलं आज वहाळ-वडघरच्या पुनर्वसनाच्या वसाहतींतून याच शाळांत येतात. एलिमेंटरीच्या परीक्षेत स्मरणचित्र नावाचा पेपर असतो : बाजाराचं दृश्य, पावसातली गर्दी, विसर्जन. उलव्यात स्मरणचित्राचा अर्थ याहून जड आहे. आजीचं घर कसं होतं, ते मुलाने पाहिलेलं नाही किंवा पुसट पाहिलेलं आहे. मग आजीला विचारायचं. दार कुठल्या बाजूला होतं? विहीर किती पावलांवर? होडी कुठे ओढून ठेवायचे? भरतीचं पाणी कुठवर यायचं? देऊळ डाव्या हाताला की उजव्या? मूल कागदावर खूण करतं, आजी म्हणते, ‘नाय रं, त्याच्या अल्याड.’ खूण खोडली जाते, सरकते. हळूहळू गावाचा नकाशा तयार होतो, अर्धा वरून पाहिलेला, अर्धा बाजूने, तारप्याच्या चित्रासारखा. त्यात डोंगर आलाच तर तो एकच येईल आणि त्याला नाव असेल.

अशा चित्राला स्पर्धेत बक्षीस मिळणार नाही. सोसायटीच्या गणपतीत रंगभरण स्पर्धा असते, तिथे रेघेबाहेर रंग गेला की गुण जातात. आठ वर्षांखालच्या मुलांच्या चित्रस्पर्धा बंद कराव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. भरवायचंच तर प्रदर्शन भरवा आणि सगळ्यांची चित्रं लावा. शासनाच्या मूल्यमापनातही कलेला वेगळी सत्रपरीक्षा नाही, वर्षभर पाहून नोंद करायची आहे. ही सवलत शिक्षकाच्या बाजूची आहे. ती वापरावी.

शिक्षकांना आणि पालकांना एकच विनंती. चित्र टाकू नका आणि सुधारूही नका. पाठीमागे पेन्सिलने तारीख घाला आणि मूल त्या चित्राबद्दल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत दोन ओळी लिहून ठेवा. मार्चमध्ये सगळे कागद तारखेप्रमाणे जमिनीवर मांडा आणि मुलाला त्याच्या बाजूने चालत जाऊ द्या. त्यासाठी जूनमध्ये एक जाड पुठ्ठ्याची फाइल लागते, ती आधीच आणून ठेवा.